बडोद्यातील मराठी घराण्यांचा वंशशोध

बडोदे संस्थानात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या पिढ्या जमीन, नेमणूक, वारसा आणि लग्नकार्याच्या जुन्या कागदांवरून लावण्याचे काम. पुष्कळ घरांत एकच कथा ऐकू येते: मूळ पुरुष बडोद्याच्या गायकवाड घराण्याचे संस्थापक पिलाजीराव यांच्या पागेबरोबर (घोडदळाबरोबर) गुजरातेत उतरला. शोधाची सुरुवात या कथेच्या पडताळणीने करावी.

पिलाजीरावांनी 1719 च्या सुमारास सोनगडला ठाणे केले. 1732 मध्ये डाकोरला त्यांचा खून झाला आणि 1734 मध्ये त्यांचे पुत्र दमाजीरावांनी बडोदे कायमचे ताब्यात घेतले. या धामधुमीत आलेली शिलेदार, पागेदार, दरकदारांची (वंशपरंपरागत हुद्देदारांची) घराणी वेगळी. नाशिककडच्या कवळाण्याहून 1875 मध्ये दत्तक आलेल्या तिसऱ्या सयाजीरावांच्या कारकिर्दीत शाळा-कचेऱ्यांतल्या नोकरीसाठी आलेली घराणी वेगळी. इनामाच्या सदरात नाव मिळाले नाही, तर घराणे दुसऱ्या लाटेतले असण्याची शक्यता आधी तपासावी. त्यात कमीपणा काही नाही.

संस्थानाच्या हुजूर दफ्तरातले मोडी कागद आता गुजरात सरकारच्या पुराभिलेख खात्याच्या बडोदा कचेरीकडे आहेत. खालशाबाहेरच्या, म्हणजे ज्यांचा सारा सरकारात जात नसे अशा माफीच्या, इनामी जमिनींना येथे बारखली म्हणत. अशी जमीन धारकाच्या मृत्यूनंतर वारसाकडे जाताना चौकशी होई आणि तिच्यात वंशावळ मांडली जाई. शोधकाला याहून मोठे घबाड नाही. पण ही वंशावळ हक्क सांगण्यासाठी लिहिलेली असते, हे विसरून चालत नाही. निपुत्रिक चुलता, वाटणी घेऊन दक्षिणेत (महाराष्ट्रात) परतलेला भाऊ, मुली यांना तिच्यात जागा मिळतेच असे नाही, आणि दत्तक मुलगा औरसासारखा सरळ रेषेत बसलेला दिसतो. म्हणून दत्तकपत्र वेगळे शोधावे आणि भाऊबंदांनी केलेले तक्रारअर्ज आवर्जून वाचावेत. वंशावळीतून गळलेली नावे तिथे सापडतात. अलीकडच्या पिढ्यांसाठी गाव नमुना 6 मधील फेरफार नोंदी पुरतात, मात्र त्या गुजरातीत असतात.

स्त्रिया सापडतात त्या लग्नाच्या कागदांत. देण्याघेण्याची याद, आहेराची यादी, जुनी निमंत्रणपत्रिका यांतून माहेरचे आडनाव, गाव आणि मामाचे घर कळते. देवक आणि कुळदैवत लिहिलेले असेल, तर एकाच आडनावाची दोन घराणी वेगळी काढता येतात. सासरी नाव बदलल्यामुळे एकच बाई दोन वाटते. तिथे वडिलांचे नाव आणि लग्नाची तिथी जुळवून पाहावी.

बडोद्यात आणखी एक सोय आहे. संस्थानाने 1904 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा करून मुलीचे किमान वय 12 आणि मुलाचे 16 ठरवले. त्या वयाआधी लग्न करायचे तर परवानगी मागावी लागे, न मागता उरकले तर दंड होई. समाजसुधारणेच्या या कायद्याने वंशशोधकावरही नकळत उपकार केले: असा अर्ज किंवा दंडाचा निकाल हाती लागला, तर वधूवरांचे वय आणि पालकाचे नाव ठरवायला अस्सल सरकारी पुरावा मिळतो.

खरी फसगत तारखांत होते. जुन्या मराठी कागदांत मृगाला बदलणारा सुहूर सन अरबी शब्दांत असतो: ‘सलास सितैन मया व अलफ’ म्हणजे 1163. त्यात जून ते डिसेंबरसाठी 599 आणि जानेवारीपासून मृगापर्यंत 600 मिळवले, की इसवी सन येतो. हे वर्ष 1762-63. गुजराती कागदांतला संवत कार्तिकात बदलतो, मराठी शक चैत्रात. त्यामुळे दोहोंतले अंतर कार्तिक ते फाल्गुन 135 आणि चैत्र ते आश्विन 134 भरते. हे ध्यानात न घेतल्यास जमिनीच्या गुजराती नोंदीत आजोबा लग्नाच्या मराठी यादीपेक्षा वर्षभर थोरले किंवा धाकटे होतात.

सोयरिकी दक्षिणेतल्या असल्या, तर पुढचा शोध बडोद्याबाहेर जातो. गायकवाडांच्या पेशव्यांशी असलेल्या व्यवहाराचे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतः सांगितलेली बापआजांची नावे व मूळ गाव मिळते. इनाम चौकशीतल्या वंशावळीशी ताडून पाहायला या वह्या फार उपयोगी, कारण तिथे नाव सांगून कुणाला जमीन मिळायची नव्हती.