चाळिशीनंतरचा डाऊन सिंड्रोम : सगळा दोष गुणसूत्राच्या माथी नको

डाऊन सिंड्रोम हा लहान मुलांचा विषय आहे, असा समज अजूनही पक्का आहे. अमेरिकेतील आकडे पाहिले तर १९८३च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुष्य २५ वर्षांचे होते. जन्मजात हृदयदोषांवर वेळेत शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि ते साठीच्या आसपास पोहोचले. साहजिकच, या व्यक्तींची चाळिशी-पन्नाशी कशी सांभाळायची, हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही तसा नवाच आहे. त्यात एक चूक वारंवार होते आणि ती मला फार अस्वस्थ करते : प्रौढ व्यक्ती अबोल झाली, कामात चुकू लागली की ‘आता स्मृतिभ्रंश सुरू झाला’ असे म्हणून पुढचा तपासच थांबतो.

या गृहीतकामागे खरे विज्ञान आहे, म्हणूनच ते फसवे ठरते. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेकांच्या पेशींत २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. एपीपी नावाचे प्रथिन तयार करणारे जनुक याच गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन चेतापेशीच्या आवरणात आरपार रोवलेले असते. दोन विकरे त्याला दोन ठिकाणी कापतात आणि मधला चिकट तुकडा, म्हणजे बीटा अमायलॉइड, मोकळा होतो. जनुकाच्या तीन प्रती म्हणजे दीडपट मात्रा. त्यामुळे हे तुकडे जन्मापासूनच जास्त तयार होतात, एकमेकांना चिकटून त्यांचे थर साचतात आणि चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत ते आढळतात. हेच थर म्हणजे अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजाराची खूण. दोष याच जनुकाच्या मात्रेचा आहे, याचे पुरावे दोन्ही बाजूंनी मिळतात. ज्या मोजक्या कुटुंबांत डाऊन सिंड्रोम नाही, पण गुणसूत्राचा एपीपीवाला भाग तेवढा दुप्पट झाला आहे, तेथे अल्झायमर ऐन मध्यमवयात येतो. उलट, डाऊन सिंड्रोम असलेल्या एका ७८ वर्षांच्या स्त्रीच्या तिसऱ्या प्रतीत हे जनुक नव्हते, आणि तिच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा सापडल्या नाहीत.

मात्र थर साचणे म्हणजे आजार दिसू लागणे नव्हे. लक्षणे सहसा पन्नाशीच्या आगेमागे येतात. म्हणून २०२०मध्ये प्रसिद्ध झालेली प्रौढांसाठीची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे चाळिशीपासून दरवर्षी स्मृतिभ्रंशाची चाचपणी करायला सांगतात, पण चाळिशीच्या आधी ते निदान करताना सावध राहायलाही बजावतात. कारण तशीच लक्षणे देणारे, उपचाराने सुधारणारे आजार या व्यक्तींमध्ये भरपूर आढळतात.

उदाहरणार्थ, हाका मारूनही लक्ष न देणाऱ्या माणसाचा कान आधी पाहावा. या व्यक्तींची कर्णनलिका अरुंद असल्याने मळ सहज घट्ट बसतो, आणि तो काढल्यावर ‘हरवलेला’ माणूस पुन्हा उत्तरे देऊ लागू शकतो. जिना उतरताना पायरीशी थबकण्यामागे मोतीबिंदू असू शकतो. मंदपणा, बद्धकोष्ठता आणि वाढते वजन थायरॉइडचे असू शकते. त्यासाठी दर एक-दोन वर्षांनी रक्तातील टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) तपासणे पुरते. चाल बदलणे, हात अशक्त होणे, लघवीवरचा ताबा सुटणे ही लक्षणे मात्र तातडीची आहेत, कारण मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधील सैलपणामुळे मज्जारज्जू दाबला जात असू शकतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती झोप. चेहऱ्याचा मधला भाग लहान, त्या मानाने जीभ मोठी आणि घशाचे स्नायू सैल. त्यामुळे झोपेत श्वासमार्ग वारंवार मिटतो. काही जण बसल्या बसल्या पुढे वाकून, जवळजवळ दुमडून झोपतात. ती केवळ सवय असेल असे न मानता झोपेची तपासणी करून घ्यावी. अडथळा आढळल्यास मुखवट्यातून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राने रात्रीचा प्राणवायू सुधारतो आणि अनेकदा दिवसाची चिडचिडही कमी होते. गिळताना ठसका लागत असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अन्नाचे कण फुप्फुसात जाऊन होणारा न्यूमोनिया हे प्रौढांमधील मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

मूळपेशींची इंजेक्शने किंवा ‘बुद्धिवर्धक’ औषधे देऊन हा सिंड्रोम बरा करण्याचे दावे केले जातात. तिसरी प्रत शरीरातून काढून टाकणारा कोणताही उपचार आज उपलब्ध नाही, आणि अशा दाव्यांपायी कानाची किंवा थायरॉइडची साधी तपासणी लांबणीवर पडते, हे त्याहून वाईट.

पस्तिशीच्या सुमारास घरच्यांनी एक वही करावी : शर्टाची बटणे स्वतः लावतो का, कोणाकोणाची नावे घेतो, रात्री किती वेळा उठतो. डॉक्टरांना पुढे तुलना करायची असते ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या कालच्या क्षमतेशी, आणि ती माहिती त्या वहीखेरीज कुठेच मिळत नाही.