घोड्याचा हिवाळी सराव

घोड्याचा हिवाळी सराव : जमीन महिनोन्‌महिने बर्फाखाली राहते अशा प्रदेशांत स्वारीच्या घोड्याचा दमसास, स्नायू आणि शिकवण हिवाळाभर टिकवण्यासाठी पाळला जाणारा खाण्याचा, फिरवण्याचा व शिकवण्याचा क्रम. आल्प्सलगतचे देश, स्कँडिनेव्हिया, आइसलँड, कॅनडा आणि अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये येथे तो रूढ आहे. नवखा मालक थंडीला भितो. मुरलेला मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, सकाळी आधी पाण्याची बादली पाहतो, मग अंगणातला बर्फ.

थंडीची तजवीज घोड्याचे अंग स्वतःच करते. दिवस लहान होऊ लागले की, हवा अजून उबदार असतानाच, हिवाळी केस फुटू लागतात. गारठ्यात ते उभे राहतात आणि त्यांच्यात अडकलेली हवा दुलईचे काम करते. थंडीला सरावलेला, कोरडा आणि पोटभर खाल्लेला घोडा उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत जादा ताकद न खर्चता तग धरतो. मात्र वारा सुटला किंवा अंग भिजले की हे गणित बिघडते. सायबेरियातील याकूत घोडे तर उणे ५० अंशांतही उघड्यावर राहतात आणि खुरांनी बर्फ उकरून चरतात. पण ती जात त्या हवेत घडलेली आहे. तिचा दाखला देऊन तबेल्यातल्या घोड्याला उघड्यावर सोडू नये.

ऊब येते ती वैरणीतून. मोठ्या आतड्यात चारा आंबताना उष्णता तयार होते, म्हणून थंडी वाढली की चंदी (दाण्याचा खुराक) न वाढवता वाळले गवत वाढवतात. ५०० किलोच्या घोड्याला एरवी रोज आठ ते दहा किलो गवत लागते. पोट भरलेले आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही, कारण दाट केसांखाली बरगड्या लपतात. हात फिरवूनच अंदाज घ्यावा लागतो. चारा मिळत नाही तो काळ आधीच ओळखून साठा राखणे ही कुठल्याही पागेची पहिली शिस्त. दख्खनेत तो काळ पावसाळ्याचा. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या पागेला लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील, अशी ताकीद आहे.

पाण्याकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे लागते. घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो. ते बर्फासारखे गार असले तर कमी पितो, आणि कोरडे गवत आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. म्हणून बादलीवरची पापडी फोडून कोमट पाणी घालतात किंवा हौदात तापक बसवतात. ‘बर्फ चाटून भागेल’ हा समज महागात पडतो.

पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली, या आपल्या जुन्या कोड्याचे उत्तर एकच : न फिरवल्याने. हिवाळ्यात ते शब्दशः खरे ठरते. दमसास महिनाभराच्या विश्रांतीने फारसा घटत नाही, पण सतत तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याची हाडे कमकुवत होऊ लागतात आणि साठलेली मस्ती पहिल्याच रपेटीत बाहेर पडते. सुटीच्या दिवशीही पूर्ण चंदी दिली आणि दुसऱ्या दिवशी एकदम काम घेतले तर पुठ्ठ्याचे, म्हणजे मागच्या मांड्यांवरचे, स्नायू आखडतात व लघवी काळपट होते. ओढकामाच्या घोड्यांना रविवारी सुटी असे, म्हणून या दुखण्याला ‘सोमवारचा आजार’ हे नाव पडले.

ताजा, भुसभुशीत बर्फ घोटाभर असेल तर तो चांगला आखाडा आहे. पाय उंच उचलावे लागतात, पाठ आणि मांड्या कामाला लागतात. पंधरा-वीस मिनिटांची चाल आणि थोडी दुडकी पुरते. बर्फ गुडघ्यापर्यंत आला की तेच काम स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांवर ताण आणते. वरचा थर कडक झाला असेल तर त्याच्या धारेने पायाची कातडी सोलते. अतिथंडीत भरधाव दौड टाळतात, कारण गार हवा जोराने ओढली गेली की श्वासनलिका चिडते.

खरी डोकेदुखी खुरांची. नालेच्या आत बर्फ खुराच्या उबेने किंचित वितळतो, लोखंडाला लागून पुन्हा गोठतो, आणि थरावर थर चढून त्याचा गोळा होतो. घोडा मग उंच टाचांच्या चपला घातल्यासारखा डगमगत चालतो. हा गोळा खूरखोदणीने निघत नाही, हातोडी लागते. उपाय तीन : नाल काढून घोडा अनवाणी ठेवणे, नालेखाली बर्फ बाहेर ढकलणारी रबरी गादी बसवणे, किंवा निदान तळव्याला चरबी चोपडणे. निसरड्यासाठी नालबंद नालेला कठीण धातूच्या मेखा ठोकतो. आइसलँडमध्ये अशा मेखांच्या जोरावर गोठलेल्या तळ्यांवर चालींच्या स्पर्धा होतात. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या गोठलेल्या तलावावर १९०७ पासून शर्यती भरतात. तिथे स्कीवर उभ्या माणसाला बिनस्वाराचा घोडा ओढतो, आणि हा प्रकार १९२८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून दाखवला गेला होता.

शिकवणीसाठी छप्पर असलेला आखाडा उत्तम. व्हिएन्नातील स्पॅनिश रायडिंग स्कूलची १७२९ ते १७३५ दरम्यान बांधलेली भव्य झुंबरांची इमारत ‘हिवाळी अश्वशाळा’ म्हणूनच ओळखली जाते. ज्यांना छप्पर नाही ते लांब दोरीवर रिंगणात फेरणे, जमिनीवरच्या आडव्या दांड्यांवरून चालवणे, आडव्या पावलांची चाल असे संथ धडे घेतात. लगामाची तोंडातली लोखंडी कडी आधी तळहातात किंवा काखेत धरून गरम करायची असते. गोठलेले लोखंड जिभेला चिकटते, आणि एकदा तो चटका बसलेला घोडा दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही.

काम संपल्यावर घामाने ओले केस वाळेपर्यंत घोडा उभा करायचा नाही. दहा-पंधरा मिनिटे हाताने फिरवून लोकरी झूल घालतात. रोज घाम येईल इतके काम असेल तर मानेखालचे व पोटाचे केस कातरतात. मग मात्र झूल कायमची मागे लागते. तबेल्याची खिडकी थंडीतही उघडी ठेवतात, कारण कोंडलेली लघवीची वाफ आणि गवताची धूळ फुप्फुसांना गारठ्याहून जास्त बाधते.