ऊस वाहतुकीतील ट्रॅक्टर-ट्रॉली : लायसन्स आणि वजनाचे नियम (कोल्हापूर जिल्हा)

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की फडातला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत (जिथून तो गाळपाला जातो) नेण्याचे बरेचसे काम ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडलेल्या एक किंवा दोन ट्रॉल्या करतात. बिदरी, कागल, हुपरी, शिरोळ, कुडित्रे, वारणानगर इथल्या कारखान्यांच्या वाटांवर हंगामभर त्यांची रांग असते. ट्रक, बैलगाडी आणि छोट्या ट्रॅक्टरने ओढायचा ‘अंगद’ गाडा हेही याच कामात आहेत. पण पाणंदीतून थेट फडात शिरायचे आणि तोच माल डांबरी रस्त्याने कारखान्यापर्यंत ओढायचा, तर ट्रॅक्टरला तोड नाही. या वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू आहेत.

लायसन्सचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. कायद्याने ट्रॅक्टरचा वर्ग त्याच्या रिकाम्या वजनावरून ठरतो आणि हलक्या वाहनाची मर्यादा ७,५०० किलो आहे. शेतीचा नेहमीचा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तो हलक्या मोटार वाहनातच बसतो. मागे भरलेली ट्रॉली जोडली की हलक्या वाहनाचे लायसन्स बाद होते का, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात सांगितले की ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन्स असेल, तर मालाची ट्रॉली जोडल्याने ते निकामी होत नाही. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहनही चालवता येते, हे २०१७ च्या मुकुंद देवांगण निकालात आले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायम केले. दहा किंवा बारा चाकी ट्रकवर मात्र वाहतूक वाहनाचे लायसन्स लागते; त्यासाठी वय किमान २० आणि हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर जुने असावे लागते. मिसरूड न फुटलेला पोरगा स्टिअरिंगवर दिसतो, त्याला यातला कुठलाच निकाल वाचवत नाही.

ट्रॉली हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, नंबर तिच्या बाजूवर, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे हवा (कलम ६१). लोंबणाऱ्या उसाआड ही पाटी क्वचितच दिसते.

खरी अडचण वजनाची. प्रत्येक वाहनाचे भरलेले कमाल वजन आरसी बुकात लिहिलेले असते. बोलीत त्याला ‘पासिंग’ म्हणतात. त्यापेक्षा जास्त भरून वाहन चालवणे, चालवायला लावणे किंवा चालवू देणे, हे तिन्ही कलम ११३ खाली येते. चालक नोकर असेल तर मालकाच्या माहितीनेच हे घडले, असे न्यायालय गृहीत धरू शकते. ‘ट्रॅक्टर साठ एचपीचा आहे, ओढतोय की’ हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण ट्रॉलीचे पासिंग तिच्या आसावर आणि टायरवर ठरते, इंजिनावर नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ चा दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये झाला. म्हणजे पाच टन जास्त असल्यास ३०,०००. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवता येत नाही. वजन करायला न थांबल्यास ४०,०००. माल हौद्याबाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर त्यालाही वेगळा २०,००० दंड आहे.

तरीही ट्रॉल्या भरतातच, आणि यात लपवाछपवी काही नाही. तोडणीची मजुरी टनावर, वाहतुकीचे भाडे टनावर, शेतकऱ्याचे बिलही टनावर. कारखान्याच्या काट्यावर भरलेली आणि रिकामी अशी दोनदा वजने होतात. ज्या पावतीवर शेतकऱ्याचे पैसे निघतात, त्याच पावतीवर जादा भाराचा पुरावा छापून येतो. पण तो काटा हिशेबाचा आहे, दंडाचा नव्हे. जिल्ह्यात काट्यावरून आंदोलने झाली ती काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवल्याची. जास्त भरले म्हणून कुणी रस्त्यावर उतरल्याचे ऐकिवात नाही.

भाराचा परिणाम आधी चढावर दिसतो. दोन चाकी ट्रॉलीत माल पुढे साठला की हुकावर दाब येतो, ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन उचलतात आणि स्टिअरिंग नावालाच उरते. उतारावर उलटे घडते. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसल्याने मागचा सगळा भार ट्रॅक्टरला ढकलतो. दोन ट्रॉल्या असतील तर मागची आडवी फिरते. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या एकूण लांबीलाही नियमाने मर्यादा आहे. आस मोडून रात्री रस्त्यातच उभी राहिलेली ट्रॉली आणि चाकांना लावून तसेच सोडलेले दगड दुचाकीस्वारांना सर्वांत घातक. म्हणून हंगामाच्या तोंडावर ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम निघते.

विम्यात ट्रॅक्टरबरोबर ट्रॉलीचाही उल्लेख हवा. पॉलिसी ‘फक्त शेतीकामासाठी’ असेल आणि दुसऱ्याचा ऊस भाड्याने नेताना अपघात झाला, तर कंपनी हात वर करू पाहते. मडगार्डवर किंवा उसाच्या ढिगावर बसलेल्या माणसाच्या भरपाईचा वाद तर त्याहून चिवट, कारण ट्रॅक्टरवर सहसा चालकाचीच एक जागा मंजूर असते.