शब्द किती झाले? फाइल देण्याआधी एवढे वाचा

भाषांतर, टायपिंग आणि मुद्रितशोधनासाठी आमच्याकडे कागद देणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर वाद होतो तो बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून. तुम्ही म्हणता फाइल हजार शब्दांची आहे, आणि आमच्या पावतीवर आठशे लिहिलेले असतात. आकडा कमी निघाला तरी लोक नाराज होतात, कारण स्पर्धेला हजार शब्द हवे असतात. जास्त निघाला तर बिलामुळे नाराज. दोन्ही वेळा संगणक खोटे बोलत नसतो.

आकडा कुठे बघायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. वर्डमध्ये खिडकीच्या तळाशी डावीकडे शब्दांचा आकडा असतो. त्यावर क्लिक केले की चौकट उघडते आणि पाने, शब्द, स्पेससह व स्पेसशिवाय चिन्हे, परिच्छेद, ओळी हे सगळे एका ठिकाणी दिसते. मजकुराचा एखादाच भाग सिलेक्ट केला तर तेवढ्याचा हिशोब मिळतो. लिब्रेऑफिस आणि गूगल डॉक्समध्ये 'टूल्स' मेनूत 'वर्ड काउंट' आहे. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबले तरी चालते.

खरी मेख पुढे आहे. वर्डला मराठी कळत नाही, त्याला फक्त स्पेस कळते. दोन स्पेसच्या मधे जे काही असेल तो त्याच्या लेखी एक शब्द, मग तो 'महानगरपालिका' असो की एकटा पूर्णविराम.

तुटलेले प्रत्यय

मोबाइलवर बोलून टाइप केलेला मजकूर आला की आम्ही आधी हेच बघतो. अशा मजकुरात प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये हमखास सुटी पडलेली असतात. हिंदीत 'घर में' असे तोडून लिहितात, त्या सवयीनेही असे होते. मराठीत 'घरात' हा एकच शब्द आहे. आपल्या शेजारच्या कन्नडमध्येही 'मनेयल्लि' एकच.

आता हे वाक्य बघा:

खानापूर तालुक्या मध्ये पावसा मुळे भाता चे नुकसान झाले .

वर्ड याचे दहा शब्द मोजतो. शेवटचा पूर्णविरामही त्यात आला, कारण त्याच्या आधी स्पेस आहे. तेच वाक्य नीट लिहिले तर असे होते:

खानापूर तालुक्यामध्ये पावसामुळे भाताचे नुकसान झाले.

हे झाले सहा शब्द. एका ओळीत चार शब्द हवेत गेले, मग पानभर मजकुरात किती जात असतील याचा अंदाज करा.

याचा फटका दोन ठिकाणी बसतो. पहिला बिलात. मराठीतून कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर आम्ही शब्दांवर करतो. तुमची तुटकी फाइल आहे तशी मोजली तर पैसे आम्हालाच जास्त मिळतील. तरीही आम्ही आधी प्रत्यय जोडून घेतो आणि मग मोजतो, म्हणून पावतीवरचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा कमी असतो. या जोडणीचे वेगळे पैसे घेत नाही, पण तिला वेळ लागतो. 'तासाभरात द्या' म्हणून आणलेली फाइल संध्याकाळपर्यंत थांबते ती यामुळेच.

दुसरा फटका आम्हाला जास्त खटकतो. उचगाव, कडोली अशा आपल्याकडच्या साहित्य संमेलनांच्या स्मरणिकांसाठी आणि निबंध स्पर्धांसाठी लेख येतात. मर्यादा हजारची, आणि वर्ड दाखवतो बाराशे. मग लिहिणारा रात्री बसून चांगली वाक्ये छाटतो. आमच्याकडे आल्यावर प्रत्यय जोडले की लेख आठशेवर येतो. छाटलेली वाक्ये तोवर डिलीट झालेली असतात, आणि जुनी प्रत कुणाकडेच नसते. म्हणून आधी जोडा, मग मोजा, आणि छाटाछाट त्यानंतर.

जोडणी घरीही करता येते. वर्डमध्ये कंट्रोल-एच दाबा. 'फाइंड'मध्ये स्पेस, चे, स्पेस असे लिहा आणि 'रिप्लेस'मध्ये चे, स्पेस. दोन्ही बाजूंची स्पेस विसरू नका. नुसती 'चे'च्या आधीची स्पेस घेऊन शोधलेत तर 'चेहरा'सुद्धा मागच्या शब्दाला जाऊन चिकटेल. 'ला' शोधताना 'लाकूड' आणि 'लाडू' यांचे तेच होते.

'रिप्लेस ऑल' मात्र जपून. 'च्या', 'ने', 'मुळे' यांना सहसा धोका नाही, तरी एकदा नजर टाकाच. 'साठी' आणि 'वर' एकेक करून बदला. 'वडिलांची साठी झाली' मधली साठी जोडायची नसते. आणि लग्नपत्रिकेत 'वर' म्हणजे नवरदेव, तो मागच्या शब्दाला चिकटला तर पत्रिका परत छापावी लागते. पूर्णविराम आणि स्वल्पविरामाच्या आधीची स्पेस याच पद्धतीने काढता येते.

आम्ही कशावर मोजतो

भाषांतराचे शब्द आम्ही मूळ कागदावर मोजतो, आम्ही लिहून दिलेल्या मजकुरावर नाही. 'तुम्ही लिहिलेले मोजा की' असे बरेच जण म्हणतात. तसे केले तर काम संपेपर्यंत तुम्हाला बिल कळणार नाही, आणि भाषांतर करणाऱ्याला शब्द वाढवत नेण्याचा मोह होईल. इंग्रजीतले 'इन द ऑफिस ऑफ द तहसीलदार' हे सहा शब्द मराठीत 'तहसीलदारांच्या कार्यालयात' एवढ्या दोन शब्दांत बसतात. म्हणून इंग्रजी नोटीस पाचशे शब्दांची आणि हातात आलेले मराठी भाषांतर बरेच आटोपशीर, असे दिसले तर काही गाळले म्हणून घाबरू नका. मूळ शेजारी ठेवून ताडून बघा, हवे तर आम्ही समोर बसून वाचून दाखवतो.

पानांवर दर का ठेवत नाही, असेही विचारतात. फॉन्ट बारा पॉइंटचा चौदा केला की पाने वाढतात, शब्द तेवढेच राहतात.

जुनी कन्नड खरेदीपत्रे, उतारे, कोर्टाचे निकाल यांची झेरॉक्स किंवा स्कॅन येते. ते फोटोच असतात, त्यात वर्डला मोजण्यासारखे काही नसते. अशा वेळी मधल्या एका पानावरच्या चार-पाच ओळींतले शब्द मोजून सरासरी काढतो आणि ओळी व पानांनी गुणतो. तो अंदाज पावतीवर 'अंदाजे' म्हणूनच लिहितो. नुडीसारख्या जुन्या कन्नड फॉन्टमधल्या फाइली तुमच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसल्या तरी घाबरू नका, आमच्याकडे त्या युनिकोडमध्ये करून मिळतात. श्रीलिपीतल्या मराठी फाइलींचेही तसेच.

सोसायट्यांच्या सचिवांसाठी एक वेगळी गोष्ट. वार्षिक अहवालात चौकटी आणि तळटीपा पुष्कळ असतात. वर्डच्या मोजणीच्या चौकटीत टेक्स्टबॉक्स, तळटीपा आणि अंत्यटीपा धरायच्या की नाही याची एक खूण आहे. ती खूण तुमच्याकडे नसली आणि आमच्याकडे असली तर आकडे जुळणार नाहीत. आम्ही ती कायम ठेवतो. गूगल डॉक्स तळटीपा मोजतच नाही. पानाच्या डोक्यावर आणि पायाशी असलेला मजकूर दोन्हीकडे मोजला जात नाही, म्हणून प्रत्येक पानावर छापलेल्या संस्थेच्या नावाचे आम्ही पैसे लावत नाही. ताळेबंद चित्र म्हणून चिकटवला असेल तर तोही मोजणीत येत नाही, पण भाषांतर तर करावे लागते. तेव्हा त्याची एक्सेल फाइल सोबत द्या.

शब्द नव्हे, चिन्हे

ऑनलाइन फॉर्ममध्ये मर्यादा बहुधा चिन्हांची असते. 'निपाणी' आपल्याला तीन अक्षरे, संगणकाला सहा चिन्हे, कारण वेलांटी आणि काना वेगळे धरतात. 'स्त्री'चीही सहाच भरतात. सभेची सूचना एसएमएसने पाठवणार असाल तर इंग्रजीत एका मेसेजला 160 चिन्हे मिळतात, मराठीत 70. अशा कामाला स्पेससहचा आकडा बघा, कारण स्पेसही मोजली जाते. एका मेसेजमध्ये बसणारा मजकूर आम्ही तयार करून देतो, त्याचा दर काउंटरवरच्या फलकावर आहे.

मोजणी फुकट आहे. काम आमच्याकडे द्यायचे नसले तरी फाइल पाठवा, आकडा कळवू. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मेसेजमध्ये पेस्ट केले की तळटीपा गळतात, आणि स्क्रीनशॉट पाठवला तर तो आम्हाला पुन्हा टाइप करावा लागतो, त्याला टायपिंगचा दर पडतो. सप्टेंबरात सोसायट्यांच्या सभांची गर्दी असते, तेव्हा अहवाल ऑगस्टमध्येच आणून दिलेले बरे.