सान-झ-यांग-छिन थांग

सान-झ-यांग-छिन थांग : पारंपरिक चिनी वैद्यकातील तीन बियांचा काढा. पांढरी मोहरी, पेरिला या वनस्पतीचे बी आणि मुळ्याचे बी एवढीच त्यातील द्रव्ये होत. छातीत साठलेला कफ सुटावा, वर चढलेला श्वास खाली यावा आणि न पचलेल्या अन्नाने आलेली जडता जावी, यासाठी तो मुख्यतः वृद्धांना दिला जातो. औषधीयोगांच्या प्रचलित चिनी वर्गीकरणात तो कफनाशक योगांत, त्यातही थंड कफावर चालणाऱ्या उष्ण योगांत मोडतो. मात्र पचन सुधारणे हे त्याचे दुय्यम कार्य मानणे मूळ ग्रंथास धरून होणार नाही, कारण तीनपैकी एक द्रव्य तेवढ्याचसाठी योजलेले आहे.

नावात श्लेष आहे. ‘सान’ म्हणजे तीन, ‘यांग’ म्हणजे पोसणे, ‘छिन’ म्हणजे आईवडील व ‘थांग’ म्हणजे काढा. ‘झ’ या शब्दाचे मात्र बी आणि मुलगा असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे ‘आईवडिलांचे पोषण करणारा तीन बियांचा काढा’ आणि ‘आईवडिलांना सांभाळणाऱ्या तीन मुलांचा काढा’ असे दोन अर्थ एकाच नावात बसतात. मातापित्यांची सेवा हे कन्फ्यूशियन आचारधर्मात मुलाचे प्रथम कर्तव्य असल्याने चिनी वाचकाला दुसरा अर्थ आपोआप ऐकू येतो.

योगाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. मिंग राजवटीतील वैद्य हान माव याच्या ‘हान शी यी थोंग’ या लहानशा ग्रंथात तो आढळतो. या ग्रंथाचा काळ सामान्यतः १५२२ हा धरतात. हान माव सिचुआनमधील लूझोऊचा. ताओपंथी नाव फेइश्या. तीन विद्वान गृहस्थ आपापल्या आईवडिलांसाठी उपचार मागत आले, त्या वृद्धांना खोकला, वर चढणारा श्वास व कफाने कोंदलेली छाती असा त्रास होता, तेव्हा आपण विचारपूर्वक हा काढा बसवला आणि त्याला हे नाव दिले, असे तो सांगतो. नावातील ‘तीन मुलगे’ या अर्थाचा आधार हाच उल्लेख होय. दुसऱ्या मताप्रमाणे योग ‘जिए श्याओ फांग’ या संग्रहातला आहे. जपानी वैद्य ताकी मोतोकाता (१७९५–१८५७) याने ‘झात्सुब्यो कोयो’ या आपल्या संकलनात त्या संग्रहातून तो उद्‌धृत केला असून, चीनमधील काही आधुनिक पाठ्यपुस्तके त्याचाच हवाला देतात. तथापि ‘बेनत्साओ गांगमू’ (१५७८ मध्ये पूर्ण) या निघंटूत (औषधी द्रव्यांच्या कोशात) त्याचा कर्ता ली शिझेन पांढऱ्या मोहरीच्या प्रकरणात हा योग हान मावच्याच नावे देतो, आणि वैद्य वू खुन ‘यी फांग काओ’ (१५८४) मध्ये त्याला ‘फेइश्याचा योग’ म्हणतो. हान मावच्याच शतकातील दोन लेखकांची अशी साक्ष असताना कर्तृत्व त्याच्याकडे ठेवणे अधिक सयुक्तिक दिसते. मोतोकाताचे संकलन त्यानंतर सुमारे तीन शतकांनी झाले आहे. ली शिझेनच्या उताऱ्यात तीन गृहस्थांचा उल्लेख नाही, ‘कोणी आपल्या आईवडिलांसाठी उपचार मागितला’ एवढेच तो म्हणतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

या योगाचे वैशिष्ट्य त्याच्या द्रव्यांपेक्षा त्याच्या विधीत आहे. चिनी औषधीयोगात सहसा एक द्रव्य ‘राजा’ व इतर त्याचे साहाय्यक अशी श्रेणी ठरलेली असते. येथे ती ठरलेली नाही. तिन्ही बिया धुऊन, हलक्या भाजून, ओबडधोबड कुटाव्यात आणि रोग्यात जे लक्षण प्रबळ असेल त्यावर चालणारे बी प्रमुख करावे, असे हान माव सांगतो : दम व खोकला अधिक असल्यास पेरिला, कफ अधिक असल्यास मोहरी, अन्न अडून छाती-पोट कोंदले असल्यास मुळ्याचे बी. एका वेळी एकूण ३ छिएनपेक्षा (छिएन हे वजनाचे चिनी माप) अधिक घेऊ नये; ली शिझेनच्या पाठात हे प्रमाण ३ ते ४ छिएन असे आहे. मिंगकालीन छिएन सुमारे ३.७ ग्रॅ. धरला, तर ही मात्रा जेमतेम ११ ते १५ ग्रॅ. होते. कुटलेल्या बियांची भरड कच्च्या रेशमी कापडाच्या लहान पुरचुंडीत बांधून पाण्यात उकळावी आणि ते पाणी चहासारखे घोट घोट प्यावे. काढा फार आटवू नये, कारण मग तो कडू व झणझणीत होतो, असे कारण ली शिझेन देतो. शौचास नेहमीच घट्ट होत असल्यास थोडा मध आणि कडाक्याच्या थंडीत आले घालावे. आल्याच्या चकत्या हान मावच्या प्रचलित पाठात तीन, तर ली शिझेनच्या पाठात एकच आहे. आईवडिलांपुढे ठेवण्याच्या चवदार पदार्थासारखा हा काढा असावा, ही कर्त्याची इच्छा मूळ शब्दांत स्पष्ट दिसते आणि सौम्य मात्रा, पुरचुंडी, मध या साऱ्याचा उलगडा तिच्यातून होतो. आधुनिक पाठ्यपुस्तकांत मोहरी ६ ते ९ ग्रॅ. व इतर दोन्ही बिया ९ ग्रॅ. असे ठरीव प्रमाण देतात. ते व्यवहारात सोयीचे असले, तरी मात्रा मूळच्या जवळजवळ दुप्पट होते आणि लक्षणानुसार प्रमुख बी बदलण्याचे तत्त्व मागे पडते.

कफ व पचन यांची सांगड चिनी वैद्यकाच्या एका मूलभूत धारणेवर उभी आहे. प्लीहा हे कफाचे उगमस्थान आणि फुप्फुस हे त्याचे साठवणीचे भांडे, असे तेथील वचन आहे. येथे प्लीहा म्हणजे अन्नरसाचे रूपांतर करणारी यंत्रणा. तो अर्थ शरीरशास्त्रीय नाही. उतारवयात ती मंदावली, की अन्न नीट पचत नाही, त्याचा कफ होतो, कफ ‘छी’ या प्राणशक्तीची वाट अडवतो आणि दम लागतो. चिनी ‘थान’ या संज्ञेला मराठीत कफ म्हणावे लागते, पण आयुर्वेदातील कफाशी ती एकरूप नाही. आयुर्वेदात कफ हा प्रकृतिस्थ असताना शरीर धारण करणारा दोष आहे, तर ‘थान’ हे नेहमीच विकृतीचे फलित असते.

पांढरी मोहरी (सिनॅपिस आल्बा) चीनबाहेरून, पश्चिमेकडील लोकांकडून आली आणि सिचुआनमध्ये फोफावली, असे ली शिझेन लिहितो. हान माव त्याच प्रांताचा असणे लक्षात घेण्याजोगे आहे. चिनी औषधिकोश आज पांढऱ्या मोहरीबरोबर ब्रासिका जुन्सिया या जातीचे बीही ग्राह्य धरतो, आणि भारतात राई किंवा मोहरी म्हणून वापरतात ती हीच जाती होय. मोहरीतील ग्लुकोसिनोलेटे ही संयुगे निसर्गतः तिखट नसतात. बी कुटून ओले झाले, की त्यातील मायरोसिनेज हे विकर (एंझाइम) त्यांपासून झोंबणारी आयसोथायोसायनेटे तयार करते. भाजल्याने ते विकर निष्प्रभ होते. फेसलेली मोहरी नाकात जाते आणि फोडणीत तडतडलेली जात नाही, हा मराठी स्वयंपाकघरातला अनुभव याच क्रियेचा आहे, आणि भाजण्याच्या जुन्या सूचनेमागील रसायनशास्त्रही हेच. मुळ्याच्या बियांनाही ते लागू पडते. कच्चे बी छी वर चढवते व भाजलेले ती खाली उतरवते, असा भेद ली शिझेन करतो. कफावर हे बी भिंती पाडण्याच्या ताकदीने चालते, हे आधीच्या काळातील वैद्य झू झेनहेंगचे (१२८१–१३५८) मतही तो नोंदवतो. पेरिला (पेरिला फ्रुटेसेन्स) ही तुळशीच्या कुलातील वनस्पती असून उत्तराखंडात ती भंगजीर या नावाने परिचित आहे. तिचे बी तेलाने समृद्ध असते व त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग आल्फा-लिनोलेनिक अम्लाचा असतो. शौचास सैल होणाऱ्यांना हे बी जपून देतात.

योगाची सर्वांत मार्मिक चिकित्सा वू खुनची आहे. कफ स्वतः हलत नाही, छीबरोबर चढतो-उतरतो. म्हणून मुळ्याचे बी छी खर्ची घालते, पेरिला ती खाली आणते व मोहरी ती मोकळी करते, असे तो स्पष्ट करतो. पण हा उपचार लक्षणांचा आहे, मुळाचा नव्हे. प्लीहा सबळ करून ओलावा घालवणाऱ्या ‘अर छन थांग’ या काढ्याची सर त्याला येत नाही, असेही तो बजावतो. त्याच्या मते हा काढा फक्त ज्यांची छी पुरेशी आहे अशा वृद्धांसाठी जवळची वाट आहे. नंतरच्या वैद्यांनी बहुधा मधला मार्ग धरला आणि दोन्ही काढे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली; दीर्घकालीन श्वासनलिकादाहावर आजही चीनमध्ये हा जोडयोग वापरात आहे.

लक्षणे ओसरल्यावर काढा थांबवून प्रकृती सावरणारे औषध सुरू करण्याची प्रथा आहे. क्षीण रोग्यांना, कोरड्या खोकल्यात आणि मोहरीची अधिहर्षता (ॲलर्जी) असणाऱ्यांना तो वर्ज्य मानतात. मुळ्याचे बी जिनसेंग या बलवर्धक मुळीचा गुण मारते या समजुतीमुळे दोन्ही एकत्र देणे बहुतेक वैद्य टाळतात, पण या निषेधाबद्दल त्यांच्यात एकवाक्यता नाही.