सापेरे की कोनोशेरे?

'मला मार्को माहीत आहे', 'मला रोम माहीत आहे', 'स्टेशन कुठे आहे ते मला माहीत आहे'. मराठीत तिन्हींचं एकाच 'माहीत'वर भागतं. इटालियनमध्ये पहिल्या दोन वाक्यांना कोनोशेरे लागतं, तिसऱ्याला सापेरे. 'सो' हे सापेरेचं 'मी'चं रूप, 'कोनोस्को' हे कोनोशेरेचं; म्हणून 'सो रोमा' चूक, 'कोनोस्को रोमा' बरोबर.

पुढे काय येतंय ते बघा. 'की', 'कुठे', 'कधी', 'का' असं काही आलं तर सापेरेच: 'साइ दोव्हे ला स्तात्सिओने?' (स्टेशन कुठे आहे, माहीत आहे का?) माणूस, गाव, हॉटेल आलं तर कोनोशेरे. भाषेच्या बाबतीत दोन्ही चालतात, पाठ असलेल्या कवितेला मात्र सापेरे. उत्तर देताना जास्त गोंधळ होतो. 'मार्को डॉक्टर आहे' यावर 'लो सो', म्हणजे ठाऊक आहे मला. 'लो कोनोस्को' म्हटलंत तर अर्थ होतो, मी त्याला ओळखतो.

'मला पोहता येतं' याला 'सो नुओतारे'. इथे मराठी माणसाला सोपं जातं, पण खड्डाही इथेच आहे. 'खांदा दुखतोय, आज पोहता येणार नाही' यातलं 'येणं' कौशल्याचं नाही, त्यामुळे तिथे तिसरंच क्रियापद, पोतेरे: 'ऑज्जी नोन पोस्सो नुओतारे'. 'नोन सो नुओतारे' म्हणालात तर समोरचा समजेल, तुम्ही पोहायला शिकलाच नाहीत.

भूतकाळात अर्थच सरकतो. 'सापेव्हो' म्हणजे आधीपासून माहीत होतं. 'ओ सापूतो' म्हणजे कळलं, कानावर आलं. 'कोनोशेव्हो जूलिया' म्हणजे जूलियाला ओळखत होतो. 'ओ कोनोशूतो जूलिया आ बोलोन्या' म्हणजे बोलोन्यात तिची ओळख झाली, तीही पहिल्यांदाच. जुनी मैत्रीण रस्त्यात भेटली तर कोनोशेरे वापरू नका, तिथे इन्कोन्त्रारे, म्हणजे भेटणं. नाहीतर ती विचारेल, 'म्हणजे आपण आत्ताच भेटतोय का?'

कोनोशेरेच्या वर्तमानकाळात उच्चार एवढाच सांभाळायचा: 'मी' आणि 'ते'च्या रूपांत 'स्क' (कोनोस्को, कोनोस्कोनो), बाकी सगळीकडे 'श' (कोनोशी, कोनोशे, कोनोशामो, कोनोशेते). सापेरे मुळातच अनियमित आहे: सो, साइ, सा, साप्पियामो, सापेते, सान्नो. पाठच करावं लागतं.

सापेरेचा आणखी एक अर्थ कोनोशेरेला नाही: पुढे 'दी' लावला की चव किंवा वास. 'इल व्हीनो सा दी ताप्पो' म्हणजे वाइनला बुचाचा कुबट वास येतोय. हॉटेलात हे ऐकलं की वेटर सहसा दुसरी बाटली आणतो.