वस्तऱ्याने दाढी: धारेचा कोन आणि हाताचा कोन

वस्तरा धार लावण्याच्या दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. पाते 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन आपोआप 16 अंशांच्या आसपास बसतो. हा कोन पात्याच्या घडणीतच असतो. चेहऱ्यावर धरायचा कोन मात्र कोणी ठरवून दिलेला नसतो. सेफ्टी रेझरमध्ये ते काम ब्लेड धरणारे डोके करते, वस्तऱ्यात मनगटाला करावे लागते. नवशिक्याला मुख्यतः हेच शिकायचे असते.

आपल्याकडच्या सलूनमध्ये आता बहुतेक ठिकाणी दिसतो तो ब्लेड बदलण्याचा वस्तरा. दुधारी ब्लेड मधोमध मोडून अर्धे त्यात बसवतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे घेतात. एचआयव्ही आणि कावीळ बी-सी यांचा संसर्ग टाळण्यासाठी हे आवश्यकच आहे. धार लावण्याचा वस्तरा ही वेगळी वस्तू. त्याचे पाते अखंड पोलादाचे, ते वर्षानुवर्षे टिकते आणि ते एकाच माणसाने वापरायचे असते. घरातल्या भावालाही देऊ नये. सुरुवातीला पाच-अष्टमांश इंच रुंदीचे, गोल टोकाचे पाते घ्यावे. चौकोनी टोक कल्ल्यांची रेघ छान काढते, पण सवय नसलेल्या हातात कानाच्या पाळीत आधी रुतते. वस्तरा नवा असला तरी दाढीयोग्य धार लावलेली आहे का, हे विचारूनच घ्यावा. कारखान्यातून आलेली धार पुष्कळदा पुरेशी नसते. 1000 ग्रिटपासून 12000 ग्रिटपर्यंतच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) दगडांवर धार चढवणे हे स्वतंत्र कसब आहे. पहिले काही महिने ते जाणकारावर सोपवावे.

रोज करायचे काम चामड्याच्या पट्ट्यावरचे. तीक्ष्ण धारेची कड एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक असते आणि दाढीमुळे ती जागोजागी किंचित वाकते. पट्टा ती सरळ करतो. पट्टा ताणून धरावा, पाते सपाट ठेवावे आणि पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने ओढावे. टोकाशी पोहोचल्यावर पाते पाठीवर वळवायचे, धारेवर कधीच नाही. प्रत्येक दाढीआधी 40 ते 50 फेऱ्या पुरतात. पट्टा सैल असेल तर तो धारेभोवती कमान घेतो आणि धार सरळ होण्याऐवजी गोल होते. पहिल्याच आठवड्यात वस्तरा ‘बोथट निघाला’ अशी तक्रार येते, तिचे मूळ बहुधा इथेच असते. सुरुवातीला वेग नको. पट्ट्याला काप जातात ते घाईमुळेच.

पोलाद केसाहून सुमारे 50 पट कठीण, तरी धार जाते कशी? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचे उत्तर दिले. त्यांनी डिस्पोजेबल रेझरची ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. धार केवळ झिजून गोल होते असे नाही, तिचे बारीक टवके उडतात, असे त्यांना दिसले. केस मोकळा वाकून धारेला तिरका भिडला आणि तिथल्या पोलादाची सूक्ष्म रचना असमान असली, तर ताण एका बिंदूवर साचतो आणि टवका निघतो. केस कापायला जितका जोर लागेल, तितका धारेवरचा ताण मोठा.

म्हणून पाणी. केसातले केराटिन हे प्रथिन पाणी शोषते, तेव्हा त्याच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सैल होतात. केस फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. याला दोन ते तीन मिनिटे लागतात. त्यामुळे दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा कोमट ओला टॉवेल चेहऱ्यावर धरावा. फेस दाट आणि ओला हवा, त्यात मोठे बुडबुडे दिसता कामा नयेत. पंख्याखाली तो लवकर सुकतो, म्हणून एका वेळी अर्ध्याच चेहऱ्याला लावावा.

आता पकड. वस्तऱ्याची मूठ वर उलगडावी, तीन बोटे पात्यामागच्या दांड्यावर, करंगळी दांड्याच्या शेपटीवर, अंगठा खालून. पाते गालाला आधी पूर्ण सपाट टेकवावे, मग पाठ उचलावी. पाठ आणि कातडी यांच्यामध्ये पाठीच्या जाडीएवढे किंवा जरासे जास्त अंतर राहिले की सुमारे 25 ते 30 अंश होतात. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी. बोटे निसटत असतील तर ती कोरडी करून तुरटीवर फिरवावीत. पात्याचा एकेक हात दोन-तीन सेंटिमीटरचाच फिरवावा, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. दाब द्यायचाच नाही.

कोन फार कमी झाला तर केस कापले न जाता ओढले जातात, फार वाढला तर धार कातडी खरवडते आणि मागे आग राहते. खोल जखम मात्र कोनापेक्षा पाते धारेच्या दिशेने आडवे सरकल्याने होते. मऊ पदार्थावर धार सरळ दाबली तर त्याला पुष्कळ जोर लागतो; तीच सरकवत ओढली तर फार थोड्या जोरात आत जाते. कातडीही मऊच. म्हणून पाते नेहमी धारेला काटकोनात फिरवायचे, आणि हात थांबला तर आधी पाते उचलायचे.

पहिले काही दिवस फक्त गाल करावेत, उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. गालांवर केस ओढले जाणे थांबले की जबडा, मग गळा. गळ्यावर केस अनेकदा तिरके किंवा खालून वर वाढतात, म्हणून एक दिवस खुंट वाढू देऊन बोटाने दिशा तपासावी. हनुवटी आणि वरचा ओठ सर्वांत शेवटी. उलटी, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध दाढी पहिल्या महिन्यात नकोच. कुरळे केस असलेल्यांनी ती पुढेही टाळलेली बरी, कारण कातडीलगत कापलेला कुरळा केस आत वळतो आणि पुटकुळ्या येतात. चेहऱ्यावर पुवाळलेली मुरुमे असतील किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील, तर वस्तरा हाती घेऊ नये.

बारीक खरचटल्यावर गार पाणी आणि ओली तुरटी पुरते; तुरटी प्रथिने साकळवून रक्त थांबवते. काप मोठा असेल तर स्वच्छ फडके पाच ते दहा मिनिटे न उचलता दाबून धरावे. सारखे उचलून पाहिले की जमलेली गुठळी पुन्हा सुटते.

जास्त कार्बनच्या पोलादाला गंज लवकर चढतो; मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात तर एका रात्रीत ठिपके दिसू शकतात. दाढी झाली की पाते धुऊन पुसावे, मुठीच्या खिळीजवळचे पाणी टिपावे, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात द्यावा. खोबरेल वापरू नये, ते चिकट होते. वस्तरा न्हाणीघरात न ठेवता कोरड्या कपाटात ठेवावा, मुलांच्या हाताला लागणार नाही असा. पट्टा मारूनही केस ओढले जात असतील, तर वस्तरा दगडावर द्यायची वेळ झाली.